उमाळकरबाई आणि तेलाची पाटी

उमाळकरबाईंना खुर्चीवर बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. शिक्षिकांच्या खोलीत त्यांची खुर्ची होती. तिच्यावर त्यांची पिशवी असायची आणि बाई खाली, भिंतीपाशी उकिडव्या. एक पाय पुढे, एक मागे, मागची टाच उचललेली, बोटं जमिनीला टेकलेली. खो-खोत पोरी बसतात तशा. चहाही तसाच प्यायच्या. मोठ्या बाईंच्या मुलीच्या लग्नात पंगतीला सगळ्या मांडी घालून बसल्या आणि ह्या उकिडव्या. वाढणारा म्हणाला, "बाई, जेवायचं हाय, पळायचं नाई."

"तू वाढ," बाई म्हणाल्या. "पळायचं कवा लागन ते कोणी सांगून येत नाई."

मी गिरजा, त्या शाळेत पाणीवाली होते. अमरावतीतली मुलींची शाळा. मी चौथी शिकलेली, नवरा लवकर गेला, भावांनी शेत ठेवून घेतलं आणि मला शाळेत लावून दिलं. माझ्या हातचं पाणी सगळ्यांना चालतं म्हणून मला घेतलं होतं. माझ्याबद्दल एवढं पुरे.

बाई भिक्षुकाच्या घरातल्या. वडील लग्नं लावत फिरायचे आणि ह्यांचं लग्न राहून गेलं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बाबाले वेळ नाई मिळाला." नऊवारी, कासोटा घट्ट, पायात कापडी बूट, त्यांना दर सोमवारी खडू लावून पांढरं करायच्या. गळ्यात शिट्टी. ती साखळीत नव्हती, परकराच्या नाडीत ओवलेली होती. देवळात जातानाही ती काढत नसत.

दिसायला राकट, पण बाई कायम थकलेल्या असत. सकाळी फाटकातून आत येतानाच म्हणायच्या, "थकली बाप्पा." मी एकदा म्हटलं, बाई, आता तर दिवस सुरू झाला. तर म्हणाल्या, "कालचीच थकली हाय. आजची अजून यायची हाय." गुडघा सुजायचा. रात्री एरंडाचं पान बांधायच्या आणि सकाळी सोडायच्या. तरी मैदानावर पोरींच्या आधी हजर.

पोरींचं कौतुक त्यांनी कधी केलं नाही. त्यांचा एकच शब्द, "उठ". पोरगी पडली तरी उठ, हरली तरी उठ, जिंकून उड्या मारायला लागली तरी तिला आधी खाली बसवायच्या आणि मग म्हणायच्या उठ. रांगेत बसलेल्या पोरी गप्पा मारायला लागल्या की ओरडायच्या, "बसली म्हंजे निजली नाई!"

पाण्याचा नियमही त्यांनीच बदलला. आधी खेळ झाला की पोरी नळाजवळ रांगेत उभ्या राहायच्या आणि मी पेल्यानं पाणी द्यायची. कौसल्या तायडे आली की तिच्या ओंजळीत वरून ओतायची. तसंच सांगितलं होतं मला. कौसल्याचा बाप कापसाच्या जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, गठाणी ओढायचा. त्यांची सगळी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती, पण नळापाशी त्यामुळे काही बदललं नव्हतं. एक दिवस बाईंनी शिट्टी मारली आणि म्हणाल्या, "आजपासून जी पोट्टी शेवटचा गडी बाद करन, ती पयले पिईन. आन पेल्यानं पिईन."

शेवटचा गडी बहुतेक कौसल्याच बाद करायची. काळीसावळी, लांब पायांची, खांबाजवळ बसायची. तिच्याकडे खो गेला की पळणारी पोरगी आधीच घाबरायची. मी तिला पेला दिला. नोकरी माझी होती, पाणी काही माझं नव्हतं. दोन-तीन घरांतून चिठ्ठ्या आल्या, दोन पोरी आपापलं पाणी बाटलीत आणू लागल्या. बाई म्हणाल्या, "आणू दे. गिरजाचं वजन कमी झालं."

मग ते पाटीचं झालं.

शहरात एक तेलवाले होते. सगळे त्यांना बापूसाहेब म्हणत. मोगरबाला केशतेल बनवायचे. माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचे, शाळेच्या कार्यक्रमाला यायचे. त्या वर्षी मुलींचे खो-खोचे सामने आपल्या खर्चानं भरवायचे त्यांनी ठरवलं, आणि त्याची जाहिरात म्हणून चौकात पत्र्याची मोठी रंगीत पाटी लावायची. पाटीवर आमच्या शाळेचा संघ, कारण मागच्या वर्षी आमच्या पोरी जिंकल्या होत्या. वर लिहायचं, "वेणी सुटणार नाही, सामना हरणार नाही." खाली सामन्यांची जाहिरात आणि तेलाची बाटली.

फोटोवाला आला, त्यावरून पेंटर पाटी रंगवणार होता. बापूसाहेब स्वतः आले. संघातल्या नलिनीचे वडील आले, ते वकील, शाळेच्या कमिटीवर. पोरींना खो-खोत बसतात तसंच बसवायचं ठरलं, म्हणजे खेळ दिसेल. आता ज्यांना खो-खो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आठ पोरी एका रांगेत बसतात, पण एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी त्यांच्याभोवती पळते. म्हणजे एका बाजूनं पाहिलं तर चौघींचे चेहरे दिसतात आणि चौघींच्या पाठी. नलिनी ज्या बाजूला तोंड करून बसायची त्याच्या उलट बाजूला कौसल्या.

बापूसाहेब ज्या बाजूला कॅमेरा ठेवायला सांगत होते, त्या बाजूनं नलिनी दिसत होती. कौसल्याची पाठ दिसत होती.

बाई म्हणाल्या, "तिकडून काढा."

"तिकडून ऊन येतं बाई," फोटोवाला म्हणाला.

"सकाळी काढा मग. ऊन इकडून येईन."

बापूसाहेब हसले. "बाई, मी स्पष्टच बोलतो. मला स्वतःला काही भेद नाही. माझ्या घरी सगळे येतात. पण पाटी मी पाहणार नाही, गिऱ्हाईक पाहणार. तेल हे डोक्याला लावायचं असतं. बायका फार मानतात हो."

"चेहऱ्यावर जात लिहिली असते का?" बाईंनी विचारलं.

"नसते ना. मग कोणाचा चेहरा आहे त्यानं तुम्हाला तरी काय फरक पडतो?"

वकीलसाहेबांना हे फार आवडलं. "मुद्दा बरोबर आहे. संघ एक आहे. एकीचा चेहरा दिसला म्हणजे सगळ्यांचाच दिसला. उलट तुम्हीच जात काढता आहात, उमाळकरबाई."

"हो, मी काढली," बाई म्हणाल्या. "नाईतर तुमी तिची पाठ काढून राहिले होते."

मी चहा देत होते. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. बराच वेळ बोलणं चाललं. वकीलसाहेब म्हणाले, समाज हळूहळू बदलतो. बाई म्हणाल्या, समाजाला कोणी खो दिला तर तो उठेल ना. बापूसाहेब म्हणाले, मी तेल विकतो, समाज नाही विकत. हे बोलणं मला खरं वाटलं. बाकी सगळे मोठंमोठं बोलत होते.

शेवटी बाईंनीच तोड काढली. पत्रा दोन्ही बाजूंनी रंगवायचा. एकीकडून एका बाजूचा फोटो, दुसरीकडून दुसऱ्या बाजूचा. चौकात खांबाला लोखंडी दांडा काढायचा आणि पाटी झेंड्यासारखी आडवी टांगायची. स्टेशनकडे जाणाऱ्याला चार चेहरे दिसतील, स्टेशनहून येणाऱ्याला बाकीचे चार. प्रत्येक चेहऱ्याखाली नाव, आडनावासकट.

"आणि नववी?" बापूसाहेबांनी विचारलं.

नववी मेहरू. मेहरुन्निसा. टांगेवाल्या रहीमचाचांची मुलगी. बाई म्हणाल्या, "ती दोन्हीकडून दिसन. पळणारीच असते सगळ्यायले दिसणारी."

इथं बाई चुकल्या. मेहरूला विचारायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रहीमचाचा टांगा फाटकापाशी उभा करून खोलीच्या दारापर्यंत आले. ते दारातूनच बोलायचे, आत पाऊल टाकत नसत. "बाई, मेरी बच्ची का फोटो चौक में नक्को."

बाई भडकल्या. "कावून? तुमी पण तेच का? तेलवाला एकीले लपवून राहिला, तुमी दुसरीले?"

"तुमी सगळ्यायले दाखवून राहिल्या, बाई. चांगली गोष्ट हाय. पण आमाले विचारलं का तुमी? माझ्या पोट्टीचं तोंड चौकात टांगायचं, आन मले टांग्यात बसलेल्या गिऱ्हाइकाकडून कळायचं?"

बाईंनी शिट्टीची नाडी बोटाला गुंडाळली. रहीमचाचांनाच वाईट वाटलं असावं, कारण ते म्हणाले, "तोंडच पायजे असन तर माझ्या घोड्याचं घ्या. तो माझ्यापेक्षा देखणा हाय."

मेहरू मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाई, माझी पाठ काढा. माझी वेणी सगळ्याईत लंबी हाय. तेलाचीच पाटी हाय ना? पण नाव लिहा. नाव पुरं लिहा."

रहीमचाचांनी विचार केला आणि म्हणाले, "नाव चालन. नाव तर शाळेच्या बोर्डावर पण हाय."

तसं ठरलं. मेहरू दोन्ही बाजूंनी पाठमोरी पळते आहे, वेणी उडते आहे, खाली पूर्ण नाव. त्या संध्याकाळी नळाशी पाय धुताना बाई मला म्हणाल्या, "गिरजे, मी तिले विचारलंच नाई गं."

"नाहीच विचारलं," मी म्हटलं.

"तुले तरी सांगता आलं असतं."

"मी पाणी देते," मी म्हटलं. "सल्ला देत नाही."

फोटो झाले. दोन्हीकडून झाले, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. पेंटरनं आपल्या अंगणात पाटी रंगवायला घेतली. बाईंना तिकडे जाऊन बघायचं होतं, पण गुडघा सुजला आणि राहिलं. "पाटी लागल्यावरच पाहीन," म्हणाल्या.

पाटी लागायची त्या दिवशी आम्ही चौकात गेलो. बाई, मी, संघातल्या पोरी. कौसल्याचा बाप आला होता, जिनमधून सुट्टी घेऊन. पांढरा सदरा, नीळ जरा जास्त झालेली. त्याच्याबरोबर वस्तीतली माणसं आणि बाया. कौसल्याची आजी पण होती, तिला दिसत कमी होतं, म्हणून तिला पुढे उभं केलं.

पाटी लागलेलीच होती. दांड्यावर नव्हती. बापूसाहेबांच्या चौकातल्या दुकानाच्या भिंतीला, सपाट, चारही कोपऱ्यांत खिळे ठोकून. नलिनीची बाजू बाहेर. नलिनी आणि तिघी, गुलाबी गुलाबी. मधे पाठी. मेहरूची वेणी आणि तिचं नाव. कौसल्याची पाठ होती. तिचा चेहरा भिंतीला लागून होता, नावासकट.

आजी विचारत होती, "कुठं हाय गं? कोणती हाय?"

कौसल्याच्या बापानं बोट केलं. "ती काय. ती बसलेली. तिकडं पाहून राहिली."

बापूसाहेब दुकानातून बाहेर आले. हात जोडले. "बाई, दांडा लावून पाहिला, खरंच लावून पाहिला. वारं फार लागतं. एखाद्याच्या डोक्यावर पडली म्हणजे? नगरपालिका पण परवानगी देईना. तात्पुरती अशी ठोकली. मजबूत दांडा करून घेतो आणि लावतो."

"मग तोवर फिरवून ठोका," बाई म्हणाल्या. "तीच भिंत, तेच खिळे."

"फिरवू ना. सामने होऊ द्या."

बाईंनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. नुसती चावत राहिल्या. वस्तीतली माणसं थोडा वेळ उभी राहिली, मग पांगली. तायडे सगळ्यात शेवटी गेला. त्यानं जाताना बाईंना नमस्कार केला. बाईंना तो घेता आला नाही, त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर बाईंनी पोरींना सांगितलं, पाटी फिरवल्याशिवाय आपला संघ सामन्याला उतरणार नाही. पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. नलिनी रडायला लागली, तिला वाटलं सगळं तिच्यामुळे झालं. सगळ्यात आधी बोलली ती कौसल्या.

"बाई, मी खेळीन."

"तुझ्यासाठीच म्हणून राहिली मी."

"माहीत हाय. पण पाटी तुमची अन् त्यायची. मले खेळायचं हाय. पुढच्या वर्षी बाबा मले शाळेत ठेवन का नाई कोणाले माहीत. पाटी काय, ती नाई फिरली तरी पाटीच राहते."

मी बाईंचा चेहरा पाहत होते. एखाद्याला उन्हात फार वेळ उभं केलं की होतो तसा झाला होता. त्या उकिडव्या बसल्या, आपल्या नेहमीसारख्या. मग म्हणाल्या, "उठ. सगळ्या उठा. धावा."

आम्ही सामने जिंकलो. शेवटचा गडी कौसल्यानं बाद केला, खांबाला वळसा घालून, आडवं झेपावून. ढोपर फुटलं. बापूसाहेबांच्या हातून ढाल मिळाली, त्यांनी कौसल्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कौतुक केलं, सगळ्यांसमोर. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. हात ठेवला त्यांनी. पण पाटी फिरवली नाही. आणि पुढच्या वर्षी तायडेनं कौसल्याला शाळेतून काढलं नाही, एवढं खरं. ती पुढे नर्सिंग शिकली, यवतमाळकडे नोकरीला लागली. पाटीबद्दल तिच्या तोंडून नंतर कधी ऐकलं नाही.

बाईंच्या तोंडून मात्र रोज ऐकलं. शाळेला यायच्या वाटेवरच ते दुकान होतं. सकाळी बाई तिथं थांबायच्या, दुकानात डोकं घालायच्या आणि विचारायच्या, "फिरवली का?" बापूसाहेब म्हणायचे, "फिरवतो बाई, पावसाळा होऊ द्या." पावसाळा झाला की म्हणायचे, "दिवाळीचं गिऱ्हाईक आहे, जरा थांबा." उन्हाळ्यात म्हणायचे, "खिळे तापलेत." भांडण नव्हतं. दोघंही हसून बोलायचे. काही वर्षांनी तर बाई दिसल्या की दुकानातला नोकर आतूनच ओरडायचा, "नाई फिरवली बाई!" आणि बाई मान हलवून पुढे निघायच्या.

मी एकदा कंटाळून म्हटलं, "सोडा ना बाप्पा. नव्या पोरी आल्या, त्यांना ती पाटी कोणाची तेही माहीत नाही."

"म्हणून तर विचारते," त्या म्हणाल्या.

"फिरवणार नाहीत ते."

"मले माहीत हाय. पण मी विचारलं नाई तर त्यायले वाटन, फिरवली नाई तरी चालते."

हा त्यांचा स्वभाव. थकायच्या, पण सोडायच्या नाहीत. शाळेतल्या लोकांना त्यांचा कंटाळा आला होता. मोठ्या बाई म्हणायच्या, उमाळकरबाईंचं एकच तुणतुणं. मलाही कंटाळा आला होता. खरं सांगायचं तर शेवटी शेवटी बाईंनासुद्धा आला असावा. कंटाळा आल्यावरही त्या विचारत होत्या. एवढंच.

निवृत्त झाल्यावर बाई अकोल्याला भावाकडे गेल्या, जठारपेठेत. जाताना पांढरे बूट मला देऊन गेल्या. माझ्या पायाला मोठे होते. मी ते धुऊन वाळवून एका पोरीला दिले.

मग बापूसाहेब वारले. मुलानं दुकान नवं केलं, भिंत फोडून मोठं दार काढलं. त्या दिवशी मी बाजारात जात होते. मजुरांनी पाटी उचकटली आणि उलटी करून रस्त्याच्या कडेला ठेवली. मी थांबले.

वर्षानुवर्षं भिंतीला लागून राहिलेला रंग जसाच्या तसा होता. बाहेरची बाजू उन्हानं पांढुरकी होऊन गेली होती, नलिनी ओळखू येत नव्हती. ही बाजू काल रंगवल्यासारखी. मेहरूची वेणी काळीभोर. चार चेहरे. शेवटी खांबापाशी कौसल्या, खाली ठळक अक्षरात नाव, कौसल्या तायडे.

आणि चेहरा गोरापान. गुलाबी गाल. पेंटरनं फोटो पाहून नाकडोळे काढले होते, पण फोटो काळापांढरा, रंग त्यानं आपल्या मनानं भरला. एकाच डब्यातला, सगळ्यांना सारखा. नाव नसतं तर मी ओळखलं नसतं. तेलवाल्याला घाबरायचं काही कारण नव्हतं. ही बाजू लावली असती तरी कोणाला काही कळलं नसतं.

पुढे माझी मुलगी बाळंतपणाला अकोल्यात होती, जुन्या शहरात. तिला भेटायला गेले तेव्हा मोर्णा नदी ओलांडून जठारपेठेत गेले. बाई ओट्यावर होत्या. उकिडव्या. वाळल्या होत्या. गळ्यात शिट्टी होती, नाडी नवी होती.

"कोण? गिरजा? ये. पाणी पाहिजे का? आज मी देते."

त्यांनी पाणी दिलं. चहा झाला, माझ्या मुलीचं विचारलं, आपल्या गुडघ्याचं सांगितलं. मी म्हटलं, "बाई, ती पाटी काढली."

"फिरवली?"

"नाही. काढली. दुकान मोडलं."

"मागची बाजू पाहिली का तू?"

"पाहिली."

"रंग?"

"ताजा आहे."

बाईंचा चेहरा एकदम उजळला. त्यांना तसं मी मैदानावरही पाहिलं नव्हतं. "कौसल्या कशी दिसते?"

मला खोटं बोलता येत नाही. येत असतं तर त्या दिवशी बोलले असते, असं कधी कधी वाटतं. मी म्हटलं, "कौसल्यासारखी नाही दिसत. पेंटरनं गोरी केली. नलिनीची बहीण वाटते."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, मी पाठ चोळली. पाठीची हाडं हाताला लागत होती.

"म्हंजे मी रोज गोरीलेच फिरवा म्हणून राहिली होती," त्या म्हणाल्या.

"तसंच झालं."

"आन माझा गुडघा दुखला म्हणून मी पाहायला गेली नाई."

समोरून एक भाजीवाली गेली, बाईंनी तिला हात करून नको म्हटलं. मग विचारलं, "आता कुठं हाय ती पाटी?"

"चौकापलीकडे रसवंती आहे. रसवाल्यानं ती उचलून नेली. उसाच्या मोळीला आडोसा म्हणून लावली आहे."

"कोणती बाजू बाहेर?"

"फिकी. नलिनीची."

"मग त्याले सांग, फिरव म्हणा."

"बाई, ती गोरी आहे म्हटलं ना."

"असू दे गोरी. नाव तर तिचंच हाय ना? तायडे लिवलं हाय ना?"

"लिहिलं आहे. ठळक."

"मग फिरवायले सांग."

अमरावतीला परतल्यावर मी रसवाल्याकडे गेले. गिऱ्हाइकं होती, चरकाचे घुंगरू वाजत होते. मी सांगितलं. तो म्हणाला, "फिरवतो मावशी, हंगाम होऊ द्या." मला हसू आलं. पुढच्या खेपेला अकोल्याला गेले तेव्हा हे सांगायला बाई नव्हत्या.

त्या शेवटच्या भेटीत मी निघाले तेव्हा त्या ओट्यावरून उतरल्या नाहीत, गुडघा धरला होता. कोपऱ्यावर जाऊन मी मागे पाहिलं. एक पाय पुढे, एक मागे, टाच उचललेली, बोटं फरशीला टेकलेली. तोंड रस्त्याकडे. मला वाटलं हाक मारतील. त्यांनी शिट्टी तोंडात धरली होती. वाजवली नाही.